गाडीचं पॅकिंग, चिकटवणं आणि कोटिंग : कोल्हापूरच्या गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानाच्या काउंटरवर येणारे बहुतेक लोक नळीचं नाव घेऊनच येतात. "एक लोकटाइट द्या," "लाल सिलिकॉन आहे का?", "अँटी-रस्टचा डबा केवढ्याला?" कशासाठी पाहिजे हे विचारलं की मग खरा प्रश्न बाहेर येतो, आणि निम्म्या वेळा मागितलेली वस्तू त्या कामाची नसते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर गाडी ओलीच असते, बाकीचे महिने धूळ आणि ऊस वाहतुकीचा चिखल. त्यामुळं चुकीची वस्तू लावली तर ती पहिल्याच पावसाळ्यात उघडी पडते. रोज विचारले जाणारे प्रश्न म्हणून एका जागी लिहून काढले आहेत.

दुकानात इतक्या नळ्या आणि डबे असतात. नेमकं काय घ्यायचं हे ठरवायचं कसं?

नळी बघायच्या आधी जोड बघा. दोन्ही बाजू कशाच्या आहेत: लोखंड, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, काच, रबर? जोड पुढं कधी खोलायचा आहे का? त्याला ऑईल लागणार, पेट्रोल लागणार, कूलंट की नुसतं पावसाचं पाणी? तिथं तापतं किती, आणि तो भाग हलतो का?

या प्रश्नांची उत्तरं मिळाली की नव्वद टक्के निवड तिथंच होते. खोलायच्या जागी एपॉक्सी (दोन भाग कालवून लावायची, कडक होणारी चिकटवण) नको. पेट्रोल लागतं तिथं साधं सिलिकॉन नको. हादरे बसतात तिथं फेविक्विकसारखं कडक होणारं नको. महाग नळी म्हणजे चांगली नळी, हा हिशेब इथं चालत नाही.

आणि काहीही लावा, जागा स्वच्छ आणि कोरडी पाहिजे. जुनं पॅकिंग (दोन भागांमधली गळती अडवणारं गॅस्केट) प्लॅस्टिकच्या किंवा बोथट स्क्रेपरनं काढायचं. ॲल्युमिनियमच्या फेसवर धारदार पातं फिरवलं की ओरखडा पडतो आणि नेमका तिथूनच ऑईल पाझरतं. नंतर ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पेट्रोलनं पुसायची सवय सगळीकडं आहे, पण पेट्रोल वाळल्यावर मागं तेलकट थर राहतो. शेवटचा हात पेट्रोलचा नको.

सिलिकॉन लाल, काळं, निळं, ग्रे असं येतं. फरक काय?

ढोबळमानानं लाल जास्त तापणाऱ्या जागेसाठी, काळं नेहमीच्या कामासाठी, ग्रे जास्त टॉर्कनं आवळल्या जाणाऱ्या आणि ऑईल लागणाऱ्या जोडासाठी. पण रंगाचा ठरलेला नियम नाही. एका कंपनीचं निळं आणि दुसरीचं निळं सारखं असेलच असं नाही. पाकिटावर ऑईलला चालतं का आणि किती अंशांपर्यंत टिकतं, हे वाचून घ्या.

रंगापेक्षा वासाकडं जास्त लक्ष द्या. काही सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास सोडतं. ते ॲसिटिक ॲसिड असतं. घरच्या खिडकीला आणि बेसिनला ते ठीक, पण इंजिनात त्यानं धातू गंजतो आणि ऑक्सिजन सेन्सरला धोका होतो. बीएस-६ गाड्यांना सेन्सर असतोच. त्यामुळं नळीवर "सेन्सर सेफ" किंवा न्यूट्रल क्युअर (आंबट वास न सोडणारं) लिहिलेलं असेल तेच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं बाथरूमचं सिलिकॉन इंजिनाला लावू नका, स्वस्त पडलं तरी.

इंजिनाखालच्या ऑईल चेंबरला सिलिकॉन भरपूर लावलं तर गळती पक्की बंद होईल ना?

नाही. हा गैरसमज इंजिन खाऊन टाकतो. चेंबर आवळला की जास्तीचं सिलिकॉन दोन्ही बाजूंना बाहेर येतं. बाहेरचं दिसतं, ते आपण बोटानं पुसून टाकतो. आतलं कुणी पुसत नाही. ते सुकतं, गरम ऑईलमध्ये सुटतं आणि खाली बसतं. गळती नसलेल्या गाडीचा ऑईल प्रेशरचा दिवा लागतो म्हणून चेंबर खोलावा, तर ऑईल पंपाच्या जाळीवर शेवयांसारखे निळे तुकडे गुंडाळलेले सापडतात. जाळीची अर्धीअधिक भोकं बंद, आणि वर बेअरिंग कोरडं फिरत असतं.

दोन-तीन मिलिमीटर जाडीची एक सलग रेघ पुरते. बोल्टच्या भोकाला आतल्या बाजूनं वळसा द्यायचा. सुरुवात आणि शेवट एकमेकांवर थोडा चढवायचा. मग बोल्ट आधी हातानं टेकवून नंतर आळीपाळीनं, समोरासमोरचे, पान्यानं आवळायचे. ऑईल लगेच भरू नका. सिलिकॉन हवेतला ओलावा घेऊन बाहेरून आत सुकतं. वरचा पापुद्रा दहा-पंधरा मिनिटांत धरतो, पण पूर्ण सुकायला साधारण २४ तास द्यावेत. पावसाळ्यात ते लवकर धरतं, एप्रिलच्या कोरड्या हवेत वेळ लागतो.

पेपर पॅकिंगलाही सिलिकॉन लावावं का?

लावू नये. पेपर किंवा कॉर्कचं पॅकिंग सिलिकॉनवर घसरतं, आवळताना बाहेर ढकललं जातं आणि फाटतं. पॅकिंग जागेवर धरून ठेवायचंच असेल तर शेलॅकचा (लाखेच्या द्रवाचा) पातळ हात किंवा न सुकणारा गॅस्केट ड्रेसिंग पुरे. जुने मिस्त्री शेलॅक वापरायचे, ते त्या कामाला बरोबरच होतं. हेड पॅकिंगला मात्र गाडीच्या कंपनीनं सांगितलं नसेल तर काहीच लावायचं नाही. मल्टिलेअर स्टीलचं पॅकिंग कोरडंच बसवतात.

गिअरबॉक्स किंवा क्रँककेसचे दोन घासलेले सपाट भाग पॅकिंगशिवाय बसत असतील तर ॲनेरोबिक फ्लँज सीलंट चांगलं. ते हवा बंद झाली की धातूमध्ये सुकतं आणि बाहेर आलेलं ओलंच राहतं, म्हणून आतलं ऑईलमध्ये विरघळून जातं. पण फट मोठी असेल तर ते भरून निघत नाही.

बोल्ट सैल होतात. लोकटाइट निळं घ्यावं की लाल?

लोकटाइट हे एका कंपनीचं नाव. आपल्याकडं सगळ्याच थ्रेड लॉकरला (बोल्ट सैल होऊ नये म्हणून धाग्यावर लावायच्या द्रवाला) लोकटाइट म्हणतात, आणि ॲनाबाँडसारख्या देशी कंपन्यांचाही तसा माल मिळतो. रंगांची पद्धत मात्र बरीच सारखी आहे. जांभळं लहान स्क्रूसाठी. निळं मध्यम ताकदीचं, पान्यानं खोलता येतं. लाल कायमचं. हिरवं आधीच आवळलेल्या बोल्टच्या फटीत झिरपणारं.

घरच्या आणि गॅरेजच्या जवळजवळ सगळ्या कामांना निळं पुरतं. नंबर प्लेटचा ब्रॅकेट, आरशाचा दांडा, क्रॅश गार्ड, इंजिन कव्हर. लाल लावलेला बोल्ट खोलायचा म्हणजे आधी तापवावा लागतो, साधारण २५० अंशांपर्यंत, तेव्हा तो सुटतो. शेजारी रबरी सील किंवा वायरिंग असेल तर बोल्टसाठी आणखी दोन वस्तू जातात. म्हणून लाल लावायच्या आधी, हा बोल्ट पुढं कोण खोलणार आहे, याचा विचार करा.

एक-दोन थेंब पुरेत, तेही धाग्याच्या जिथं नट बसतो त्या भागावर. थ्रेड लॉकर लोखंड-पितळात लवकर धरतं, स्टेनलेस आणि झिंक प्लेटिंगवर उशीर लावतं. प्लॅस्टिकवर ते कामाचं नाहीच, उलट काही प्लॅस्टिकला तडे पाडतं. बाटली अर्धी रिकामीच येते म्हणून काही जण भांडतात. ती तशीच येते, कारण आत हवा राहिली नाही तर माल बाटलीतच घट्ट होईल.

चाकाच्या नटांना, स्पार्क प्लगला थ्रेड लॉकर लावू नये. चाकाचे नट स्वच्छ, कोरडे आणि टॉर्क रेंचनं.

बंपर फुटला. एम-सील लावू की फेविक्विक?

आधी बंपर खोलून मागच्या बाजूला बघा. साच्यातच उठावाची अक्षरं असतात, दोन बाणांच्या मध्ये. अंगठा फिरवला तर हातालाही लागतात. चिखल बसलेला असेल तर ओल्या फडक्यानं पुसा. चारचाकीच्या बहुतेक बंपरवर पीपी किंवा पीपी अधिक ईपीडीएम असं दिसेल. म्हणजे पॉलिप्रोपिलीन. त्याला जवळजवळ काहीच चिकटत नाही. एपॉक्सी सुकते, छान दिसते आणि पहिल्या धक्क्याला अख्खी खपली निघते. त्याला प्लॅस्टिक वेल्डिंग करावं, त्याच जातीची काडी वितळवून आणि मागून स्टीलची जाळी दाबून. चिकटवायचंच तर आधी ॲढेशन प्रमोटर, मग दोन घटकांचं लवचिक पीयू (पॉलियुरेथेन).

एबीएस (ही प्लॅस्टिकची दुसरी जात) लिहिलेलं असेल, जसं दुचाकीच्या बऱ्याच फेअरिंगवर आणि साइड पॅनलवर असतं, तर काम सोपं. एबीएसला एपॉक्सी धरते, एबीएसचं सॉल्व्हंट सिमेंटही चालतं. तडा पुढं जाऊ नये म्हणून त्याच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडा, मागून जाळी किंवा फायबरची पट्टी लावा, मगच पुढून भरा.

फेविक्विक म्हणजे सायनोॲक्रिलेट. रबराची रिंग जोडायला किंवा लहान तुकडा जागेवर धरायला उत्तम. सोलून काढणारा ताण आणि हादरा त्याला सोसत नाही, आणि साधारण ८० अंशांपुढं ते दम सोडतं. एम-सील फट भरतं, पण लवचिक नाही. पाण्याच्या पाइपाला ते ठीक, खड्ड्यात हलणाऱ्या बंपरला नाही. ॲराल्डाइट धातूला धातू जोडायला चांगलं, दोन्ही नळ्यांतून सारखा माल घेऊन, एकजीव होईपर्यंत कालवून. पूर्ण ताकद यायला रात्र-दिवस जाऊ द्या.

पेट्रोलची टाकी पाझरते. बाहेरून काही लावून चालेल का?

घरी पोहोचेपर्यंत चालेल. अंगाचा कोरडा साबण फटीवर घासला तर तात्पुरतं थांबतं, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. हा उपाय गॅरेजपर्यंतचाच. सिलिकॉन पेट्रोलनं फुगतं आणि सुटतं. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही उसापासून तयार होतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि काही जुन्या रबराला व सीलंटला मऊ करतं. म्हणून टाकीचं काही लावायचं असेल तर त्या पाकिटावर इथेनॉलला चालतं असं लिहिलेलं पाहिजे.

टाकी आतून गंजली असेल तर आत फिरवायचं एपॉक्सी लायनिंग मिळतं, पण गंज काढून, धुऊन, पूर्ण वाळवूनच. तळ चाळणीसारखा झाला असेल तर टाकी बदला. रिकामी टाकी कुठल्याही वेल्डरकडं नेऊन "एक टाका मारा" म्हणू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भडकते. ज्याला टाकी आतून धुऊन वाफ घालवून काम करायची सवय आहे त्याच्याकडंच जा.

रेडिएटरमध्ये हळद टाकली तर गळती थांबते म्हणतात. खरं आहे?

थांबते. बारीक पिनहोलमध्ये हळद फुगून बसते. आंबा घाटात रात्री अडकलात आणि जवळ दुसरं काहीच नाही, तर टाका आणि हळूहळू खाली या. पण ती हळद फक्त भोकात बसत नाही. रेडिएटरच्या चपट्या नळ्यांत, हीटरच्या कोअरमध्ये, थर्मोस्टॅटवरही बसते. तयार स्टॉप-लीकची (गळती थांबवायला रेडिएटरमध्ये ओतायच्या बाटलीची) गोष्टही वेगळी नाही, थोडी सौम्य इतकंच. नंतर फ्लश करून रेडिएटर दुरुस्त करा किंवा बदला. प्लॅस्टिक टाकी आणि ॲल्युमिनियम कोअरच्या सांध्यात गळत असेल तर एपॉक्सीनं टिकत नाही, तिथं सीलची रिंग बदलावी लागते. होज पाइपच्या टोकाला सिलिकॉन लावायची गरज नसते. नळी आणि क्लिप चांगली असली की पुरे.

पुढची काच बदलायची आहे. लोक म्हणतात दोन तासांत होते. लगेच गाडी न्यावी का?

या प्रश्नावर मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण इथं घाई म्हणजे जिवाशी खेळ. आजच्या गाडीची पुढची काच रबरात अडकवलेली नसते, ती पीयू सीलंटनं बॉडीला चिकटवलेली असते. गाडी उलटली तर छताला ती आधार देते. शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना बऱ्याच गाड्यांत काचेवर टेकून माणसाकडं वळते. काच सुटली तर एअरबॅग बाहेरच्या दिशेनं जाते.

म्हणून काम करणाऱ्याला हे विचारा: पीयू कोणतं वापरता आणि तारीख काय? काचेच्या काळ्या पट्टीला आणि ओरखडा पडलेल्या पत्र्याला प्राइमर लावता का? जुनं पीयू पूर्ण खरवडता की एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवून त्यावर नवीन लावता? बरोबर पद्धत थर ठेवण्याची आहे, कारण नवीन पीयू जुन्या ताज्या कापलेल्या पीयूला घट्ट धरतं आणि पत्र्याचा पेंटही खरवडला जात नाही. पेंट खरवडला आणि प्राइमर लावला नाही तर काचेखाली गंज सुरू होतो. तो दिसत नाही, दोन पावसाळ्यांनंतर पाणी आत आलं की कळतं.

गाडी कधी चालवायची ते त्या पीयूच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. काही तासाभरात, काही बरेच तास. तेवढा वेळ थांबा. पहिल्या दिवशी दाराची काच थोडी उघडी ठेवून दार लावा, बंद गाडीत दार आपटलं की हवेचा दाब पुढच्या काचेला ढकलतो. प्रेशर वॉश दोन दिवस नको. काच सिलिकॉननं चिकटवून देणारा भेटला तर गाडी तिथं ठेवू नका. सिलिकॉनवर नंतर पीयू धरत नाही, आणि ते काढणं म्हणजे दुप्पट काम.

पावसात पायाखाली पाणी साचतं. कुठं सीलंट भरू?

आधी पाणी कुठून येतं ते शोधा, मग भरा. एसी लावल्यावरच ओलं होत असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली आहे. पाण्याला गोडसर वास आणि हाताला चिकटपणा असेल तर हीटर कोअरमधून कूलंट येतंय. यातलं काही नसेल तर एक जण आत बसून टॉर्च धरा, दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी सोडायचं, खालून वर, एकेका जागी काही मिनिटं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून वाहतं आणि काहीच कळत नाही.

बऱ्याचदा दोष दारात सापडतो. स्पीकर बसवताना दाराच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा फाडलेला असतो. तो काळ्या ब्युटाइल टेपनं परत चिकटवा. बॉनेटखाली वायपरच्या जाळीत पाला साचलेला असतो, तो काढा. पत्र्याच्या वेल्डिंगच्या सांध्यात फट असेल तर सीम सीलर, तोही प्राइमर मारून. आणि दाराच्या तळाची भोकं बुजवू नका! ती पाणी बाहेर जाण्यासाठीच आहेत.

नवीन गाडीला अंडरबॉडी अँटी-रस्ट करून घ्यावं का?

शोरूममध्ये गाडी घेताना हे जोडून देतात, म्हणून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. नव्या गाडीची बॉडी कारखान्यात इलेक्ट्रो-डिपॉझिशन प्राइमरच्या टाकीत बुडवलेली असते, सांध्यांना सीलर असतो, खाली पीव्हीसीचा थर असतो. शहरातच फिरणाऱ्या गाडीला पहिल्या दिवशी आणखी काही लावायची घाई नाही. गगनबावडा किंवा राधानगरीकडं रोज जाणं असेल, शेतातल्या पाणंदीतून गाडी जात असेल, किंवा करूळ, फोंडा घाट उतरून कोकणात किनाऱ्याला वरचेवर जाणं असेल, तर जरूर करावं. खारी हवा आणि ओली वाळू आतल्या कोपऱ्यात बसते. मालवणहून आल्यावर खालून साध्या पाण्यानं धुणं हा कोटिंगइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

जुन्या गाडीला कोटिंग करताना जास्त जपावं. गंज आणि ओल तशीच ठेवून वर डांबरी थर मारला, की पाणी आत कोंडतं. वरून काळंकुळकुळीत, आतून पत्रा पापडासारखा निघतो, अशी गाडी सीझनला येतेच. म्हणून कोटिंगची वेळ मार्च ते मे. आधी गरम पाण्यानं किंवा प्रेशरनं धुवायची, एक-दोन दिवस उन्हात पूर्ण वाळवायची, सुटा गंज तारेच्या ब्रशनं काढायचा, उघड्या पत्र्याला एपॉक्सी प्राइमर, मग कोटिंग. सकाळी गाडी दिली आणि दुपारी कोटिंग करून मिळाली, तर धुतलेलं पाणी अजून सांध्यातच होतं असं समजा.

डांबरी थर स्वस्त, पण थंडी-उन्हानं कडक होऊन तडकतो. रबर किंवा पीयू बेसचा थर दगडाचा मारा चांगला सोसतो. मेणाचा थर मऊ असतो, ओरखडा पडला तरी थोडा पसरून बसतो, पण वर्ष-दोन वर्षांत परत मारावा लागतो. दाराच्या आतल्या आणि खालच्या बंद पोकळ्यांसाठी कॅव्हिटी वॅक्स वेगळं असतं, ते लांब नळीनं आत फवारतात. गाडी सडते ती बहुतेक या बंद पोकळ्यांतून, आणि अंडरबॉडी करणारे तिथं हात घालतच नाहीत. ते करून मागा.

सायलेन्सर, ब्रेक डिस्क, प्रोपेलर शाफ्ट, रबरी बूट, सेन्सर आणि पाण्याची भोकं यांवर फवारा जाऊ द्यायचा नाही. काम संपल्यावर गाडी खालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुराचं पाणी लागलेल्या गाडीला लगेच कोटिंग केलं तर वाचेल का?

लगेच नाही. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा गाड्यांच्या पोकळ्यांत पंचगंगेचा बारीक गाळ जाऊन बसला होता. गाळ महिनोन् महिने ओल धरून ठेवतो. सीट, मॅट, दाराचे पडदे काढा, पोकळ्यांत स्वच्छ पाणी सोडून गाळ वाहून काढा, आठवडाभर वाळवा. वायरिंगचे कनेक्टर खोलून कॉन्टॅक्ट क्लीनर, वाळल्यावर सीलच्या रबराला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस. सगळं कोरडं झाल्यावर शेवटी कॅव्हिटी वॅक्स. आणि पाण्यात उभी राहिलेली गाडी स्टार्ट करून बघू नका.

गंजावर रस्ट कन्व्हर्टर मारलं की घासायचं काम वाचतं का?

थोडं वाचतं, सगळं नाही. त्यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड असतं, ते तांबड्या गंजाचा काळा, स्थिर थर करतं. पण पोपडे धरलेला सुटा गंज वरच्यावर काळा होतो आणि खालून चालूच राहतो. तारेचा ब्रश मारून घट्ट बसलेला गंज उरला की त्यावर कन्व्हर्टर, वाळल्यावर प्राइमर. आरपार भोक पडलं असेल तर पत्रा कापून नवीन तुकडा वेल्ड करणं हाच मार्ग. भोकात जाळी आणि पुट्टी भरून दिलेलं काम रंगाखाली वर्षभर लपतं.

पुट्टीचं सांगायचं तर १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम हार्डनर. लवकर सुकावं म्हणून जास्त घातलं तर डाग रंगातून वर येतो. पुट्टी पाणी शोषते, म्हणून पाणी मारून घासलेली पुट्टी पूर्ण वाळल्याशिवाय प्राइमर मारायचा नाही.

जुलैत पेंटिंग करून घेतलं तर चालेल का?

बंद, गरम करता येणारं बूथ असेल तर चालेल. उघड्या शेडमध्ये नको. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर पेंट मारू नये, आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त असावं हा नियम आहे. नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल पत्र्यावर असतेच. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट पावसाळी हवेत पांढुरका पडतो, रिटार्डर (सावकाश सुकवणाऱ्या) थिनरनं थोडं सावरता येतं, पण खाली कोंडलेली ओल पुढं फोड बनून येते. अपघाताचं काम थांबवता येत नसेल तर एपॉक्सी प्राइमर मारून पत्रा झाका आणि रंग ऑक्टोबरात करा. रेड ऑक्साइड प्राइमर नुसता उघडा ठेवू नका, तो पाणी आत घेतो.

सिरॅमिक, टेफ्लॉन, पीपीएफ : पैसे कशावर घालावेत?

दगडाच्या टिचक्यांपासून वाचवायचं असेल तर फक्त पीपीएफ. ती रंगावर चिकटवायची १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पीयूची पारदर्शक फिल्म असते. सिरॅमिकचा थर एक-दोन मायक्रॉनचा. त्यानं चमक येते, पाणी ओघळतं, पक्ष्यांची घाण आणि चिखल लवकर धुतला जातो. ओरखडे आणि दगड तो अडवत नाही, कुणी काहीही दाखवलं तरी. "टेफ्लॉन" नावानं आपल्याकडं जे करून मिळतं ते बहुतेक चांगलं पॉलिश आणि सीलंट असतं, काही महिने टिकतं.

महामार्गावर रोज पुणे-बेळगाव करणाऱ्यानं बॉनेट, बंपर आणि आरशांपुरती पीपीएफ लावावी, अख्ख्या गाडीला लागत नाही. बाकीच्यांना चांगलं वॅक्स वर्षातून तीन-चार वेळा पुरे. नवीन रंगवलेल्या भागाला महिनाभर तरी वॅक्स किंवा कोटिंग नको, आतला थिनर बाहेर पडू द्या.

उसाच्या ट्रॉलीला काय मारावं?

ट्रॉलीचं आयुष्य मे महिन्यात ठरतं. हंगाम संपला की उसाचा रस, चिखल आणि पाचट फळ्यांच्या सांध्यात तसंच बसतं, आंबतं, आणि पत्रा खातं. आधी धुऊन वाळवा. तुटक वेल्डिंगमधल्या फटी पीयू सीम सीलरनं भरा, पाणी तिथंच थांबतं. चासीला झिंकवाला किंवा एपॉक्सी प्राइमर, वर दोन हात इनॅमल. झिंक प्राइमर अगदी उघड्या, घासलेल्या लोखंडावरच काम करतो, जुन्या रंगावर मारला तर पैसे वाया. मागचे रिफ्लेक्टर आणि त्यांच्या पट्ट्या रंगात झाकू नका. रात्री रस्त्यावर त्याच दिसतात.

सायलेन्सरला भोक पडलं आहे, एम-सील चालेल?

जळून जाईल. सायलेन्सरची वेगळी पेस्ट आणि पट्टी मिळते, ती तापून कडक होते. इंजिनाजवळच्या पाइपाला वेल्डिंगच.

ट्यूबलेस टायरमध्ये आधीच सीलंट भरून ठेवावं का?

दुचाकीला गावाकडच्या रस्त्यावर उपयोगी आहे. ट्रेडमधली (रस्त्याला टेकणाऱ्या भागातली) साधारण ६ मिलिमीटरपर्यंतची खिळ्याची भोकं ते बुजवतं, साइडवॉलची (टायरच्या बाजूची) नाही. चारचाकीत आधी भरून ठेवलं तर वेगात चाक थरथरू शकतं आणि आतल्या प्रेशर सेन्सरवर थर बसतो. पंक्चर काढणाऱ्याला आत सीलंट आहे हे आधी सांगा.

ब्रेकच्या कामात यातलं काय वापरता येतं?

जवळजवळ काहीच नाही. ब्रेक पाइपाच्या जोडांना टेप, सीलंट काही लावायचं नाही, तो जोड धातूवर धातू दाबून बंद होतो. लायनर सुटला तर ॲराल्डाइटनं चिकटवू नका, कारखान्यात तो खास चिकटवणीनं भट्टीत दाबून बसवलेला असतो. नवीन शू घ्या. कॅलिपरच्या पिनांना सिलिकॉन किंवा सिरॅमिक ग्रीस तेवढं लावायचं, पॅडच्या तोंडाला बोटसुद्धा नाही. ब्रेक ऑईल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, ते पेंट उचलतं.

फवारताना रुमाल बांधला तर पुरे का?

नाही. रुमाल आणि साधा मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. हार्डनर मिसळून मारायच्या टू-के पेंटमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वासानंही छाती भरते. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर घ्या, कार्ट्रिज वेळेवर बदला, काम उघड्या हवेत किंवा पंखा बाहेर ओढणाऱ्या बूथमध्ये करा. मोठ्या कामाला बाहेरून हवा देणारा मास्क लागतो. शिकाऊ पोराला आधी मास्क द्या, मग गन. एपॉक्सी कालवताना नायट्राइलचे हातमोजे घाला, हाताला उठलेली ॲलर्जी पुढं कायमची मागं लागते. सायनोॲक्रिलेट सुती कपड्यावर सांडलं तर कापड तापून चटका बसतो.

उरलेली नळी किती दिवस चालते?

सिलिकॉन आणि पीयू एकदा उघडलं की ओलावा आत जातोच. पावसाळ्यात तर आठवड्याभरात टोक घट्ट होतं. टोकाला थोडा माल बाहेर येऊ द्या, तोच बूच होतो. नंतर ओढून काढा. एपॉक्सीच्या नळ्यांची टोपणं अदलाबदल करू नका. सायनोॲक्रिलेट हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये टिकतं, पण खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्यावरच टोपण उघडा. विकत घेताना तयार केल्याची तारीख बघा. आत गाठी, दाणे किंवा चिकट पाणी वेगळं झालेलं दिसलं तर काच बसवण्यासारख्या कामाला ती नळी अजिबात नको.

थिनर, उरलेला पेंट आणि हार्डनर गटारात ओतू नका. आपली गटारं शेवटी पंचगंगेलाच मिळतात. उरलेला टू-के पेंट आणि एपॉक्सी आपापल्या हार्डनरसह मिसळून डब्यातच कडक होऊ द्या, पण थोडं थोडं, पसरट डब्यात. मोठा गोळा एकदम मिसळला तर तापून धूर सोडतो. वापरलेलं थिनर वेगळ्या पत्र्याच्या डब्यात गोळा करा, वरचं निवळलेलं गन धुवायला परत चालतं.